रिकाम्या पुंगळीची स्वच्छता

पितळ कसें स्वच्छ करावें हें महाराष्ट्रांतील गृहिणीला शिकविण्याचें धाडस कोणीं करूं नये. चिंच, लिंबू, राख, विटेचा चुरा आणि नारळाची शेंडी एवढ्या आयुधांच्या बळावर तिनें पिढ्यान्‌पिढ्या घागरी, तपेलीं, समया आणि देवघरांतील उपकरणीं लखलखीत राखलीं आहेत. तेव्हां माझा आजचा विषय ऐकून कोणास हंसूं आलें तर त्यांत नवल नाहीं. विषय पितळ स्वच्छ करण्याचाच आहे. मात्र तें पितळ घागरीचें नसून काडतुसाचें आहे. बंदुकींतून गोळी सुटल्यावर जें रिकामें नळकांडें मागें उरतें आणि ज्याला आपलीं वर्तमानपत्रें 'पुंगळी' म्हणतात, तें पुन्हा भरावयाचें झाल्यास आधीं स्वच्छ करावें लागतें. तें कोणत्या रीतीनें करावें, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांत थोडें रसायनशास्त्र, थोडें धातुशास्त्र, घरांतील मुलांचें आरोग्य आणि नदीचें पाणी इतक्या गोष्टी गुंतलेल्या आहेत.

हा विषय दूरदेशींचा नाहीं. पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी शिवाजीनगर सोडून खडकीस येते. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तो 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' ह्या सरकारी कंपनीचा भाग झाला आहे. गाडी पुढें दापोडी आणि कासारवाडी मागें टाकून पिंपरी-चिंचवडास पोंचते; त्याहि पुढें देहूरोडला पुन्हा लष्कराची वस्ती आणि आयुधनिर्माणी भेटते. मधल्या भागांत पिंपरी, भोसरी, चिंचवड आणि उत्तरेस चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरलेला आहे. धातूच्या सुट्या भागांवरील तेल, कीस आणि काजळी कशी काढावी हा तेथील लहान-मोठ्या कारखानदारांचा रोजचाच प्रश्न. शहराच्या हद्दीस लागून म्हाळुंगे-बालेवाडी येथें शिवछत्रपति क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा तेथें झाल्या, आणि नेमबाजीचें मैदानहि तेथें आहे. काडतूस घडविणारे, धातु धुणारे आणि नेम धरणारे असे तिघेहि ह्या पांच-सहा कोसांच्या टापूंत नांदत असल्यामुळें येथील श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटूं नये.

आरंभींच दोन गोष्टी स्पष्ट करून ठेवतों. पहिली अशी कीं, भारतांत परवान्याशिवाय काडतुसें बनविण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मनाई केली आहे. पुंगळी पुन्हा भरणें हें घरच्या माळ्यावर हौसेखातर करण्याचें काम नव्हे. तें परवाना असलेल्या नेमबाजानें, नियम पाळून, जाणत्याच्या देखरेखीखालीं करावयाचें असतें. म्हणून दारू कोणती, किती आणि कशी भरावी ह्या भानगडींत मी शिरणार नाहीं; पुंगळी धुण्यापुरतेंच बोलणार आहें.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते. कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्निल कुसाळे ह्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेंत ५० मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें, तेव्हां ह्या खेळाची चर्चा घरोघर झाली. त्या स्पर्धेंतील काडतूस बावीस नंबरी असतें. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेंत भरलेला असतो, आणि बंदुकीची सुई ती कडच चेंचते. एकदां चेंचलेली कड पुन्हा उपयोगाची राहत नाहीं. ज्या काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं वेगळी टोपी बसविलेली असते, आणि ती काढून नवी घालतां येते, तेंच पुन्हा भरतां येतें. सेंटर-फायर पिस्तुलाचीं किंवा ३०० मीटर रायफलीचीं काडतुसें ह्या जातीचीं होत. आपला प्रश्न एवढ्यांपुरताच.

आतां ही पुंगळी करते तरी काय? ती म्हणजे दारू गुंडाळण्याचें वेष्टण, अशी पुष्कळांची समजूत असते. पण तिचें काम त्याहून बिकट आहे. शंभर भागांत सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त अशा पितळेची ती असते. बार उडतो तेव्हां रायफलींत निर्माण होणारा दाब भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहूनहि अधिक असतो. त्या क्षणीं पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते आणि तापलेला वायु मागें, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच ती किंचित् आकसते, म्हणूनच ती सहज बाहेर ओढतां येते. इतक्या थोड्या वेळांत फुगणें आणि आकसणें हें ज्या धातूला साधतें, त्याच्या अंगीं लवचिकपणा आणि बळकटी हे दोन्ही गुण असले पाहिजेत. म्हणून कारखान्यांत पुंगळीचें तोंड तापवून मऊ केलेलें असतें, तर बूड मुद्दाम कठीण ठेवलेलें असतें. लष्करी काडतुसाच्या गळ्यापाशीं कित्येकदां निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. आपल्यासारख्याला वाटावें, हा डाग घांसावयाचा राहून गेला. परंतु तो राहूं दिलेला असतो. गळा तापवून मऊ केल्याची ती तपासनिसासाठीं ठेवलेली खूण आहे. चकाकी आणि निर्दोषपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें ह्या एका पट्ट्यावरून ध्यानांत यावें.

मग पुंगळी धुवावी कशाला? मराठींत 'पितळ उघडें पडणें' म्हणजे झांकलेला दोष चव्हाट्यावर येणें. पुंगळी धुण्याचा पहिला हेतु अक्षरशः हाच आहे. काजळीखालीं दडलेली केसासारखी चीर, गळ्याशीं गेलेला उभा तडा, बुडाच्या जरा वर आडवी उमटलेली आणि पुंगळी तेथून तुटूं पाहत असल्याची सूचना देणारी रेघ, हे सारे दोष अंगावरचा मळ गेल्यावरच दिसतात. सदोष पुंगळी पुन्हा भरली, तर तापलेला वायु नको त्या वाटेनें बाहेर पडूं शकतो. डोळे आणि बोटें ह्यांची किंमत देऊन हें शिकण्यांत शहाणपण नाहीं. दुसरा हेतु असा कीं, पुंगळीवर चिकटलेली वाळू पुन्हा भरण्याच्या सांच्यावर आणि बंदुकीच्या नळींत ओरखडे पाडते. चकाकी हा तिसरा आणि सर्वांत गौण हेतु. पण बाजारांतील बहुतेक साधनें नेमकीं त्याच्याच नांवानें विकलीं जातात.

तेव्हां रीत निवडतांना स्वतःस तीन प्रश्न विचारावे. मळ कोणता आहे? धातूला काय सोसेल? आणि निघालेला मळ जाणार कोठें?

पहिला प्रश्न मळाचा. झाडलेल्या पुंगळींत दारूची काजळी असते, हें उघड्या डोळ्यांनीं दिसतें. जें दिसत नाहीं तें अधिक महत्त्वाचें आहे. बुडाच्या टोपींतील मसाल्यांत बहुधा शिसें, बेरियम आणि अँटिमनी ह्यांचीं संयुगें असतात, आणि बार उडाल्यावर त्यांची अतिसूक्ष्म पूड पुंगळीच्या आंत-बाहेर बसते. ह्यांपैकीं शिसें विशेष घातक. तें शरीरांत सांचत जातें आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करतें. रक्तांतील शिशाचें अमुक इतकें प्रमाण निर्धोक, असें सांगतां येत नाहीं, हें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट केलें आहे. म्हणजे आपण जो मळ काढणार, तो तव्याच्या काजळीसारखा निरुपद्रवी नाहीं. तो हवेंत उडूं देतां कामा नये, आणि स्वयंपाकघरांतील भांड्याला तर त्याचा स्पर्शहि होतां कामा नये.

दुसरा प्रश्न धातूच्या सहनशक्तीचा. ह्याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशानें जगाला दिला आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेला एका विचित्र अनुभवानें कोड्यांत टाकलें होतें. पावसाळ्यांत मोहिमा थंडावत, आणि काडतुसें घोड्यांच्या पागांतून ठेवलीं जात. पाऊस संपल्यावर पेट्या उघडाव्या, तों कित्येक पुंगळ्यांना, जेथें गोळी घट्ट बसविलेली असते त्या गळ्याशींच, तडे गेलेले! कोणीं त्या आपटल्या नव्हत्या कीं झाडल्या नव्हत्या. कोरी काडतुसें जागच्या जागीं फाटलीं होतीं. ह्या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असें नांव पडलें. त्याचें मूळ स्पष्टपणें उलगडलें तें १९२१ सालीं, मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन ह्या तिघां संशोधकांच्या निबंधानें. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि पितळेच्या अंगांत दडलेला ताण, ह्या तिघांची युति झाली म्हणजे पितळ फाटतें, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा ताण कोठून येतो? पितळेची चकती थंड असतांनाच दाबून, ओढून तिची लांबट पुंगळी बनवितात. दिसावयास ती स्वस्थ दिसते, पण ताणून बांधलेल्या दोरीसारखी ओढ तिच्या अंगीं राहून जाते. अमोनियाचें तांब्याशीं सख्य फार. तो त्याला विरघळवून निळ्या रंगाचें संयुग बनवितो. ओलसर हवेंत तो धातूच्या स्फटिककणांच्या सांध्यांतून आंत शिरतो, आणि आधींच ताणलेला सांधा उसवतो. ह्यावर उपायहि सांपडला: पुंगळी सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत बेतानें तापवून तिचा ताण उतरवावा आणि अमोनियाला तिच्याजवळ फिरकूं देऊं नये. पहिलें काम कारखान्याचें, दुसरें आपलें.

येथेंच आपल्या निवडीचा पहिला निकाल लागतो. पितळ झटपट उजळणाऱ्या कित्येक द्रव पॉलिशांत अमोनिया असतो. बाटली उघडतांच नाकाला झोंबणारा वास त्याची साक्ष देतो. घरांतील ओतीव समई अशा पॉलिशानें पुसली तर एकवेळ चालेल, कारण ओतून घडविलेल्या जाड वस्तूंत तो ताण फारसा नसतो. पण पुंगळीला तें पॉलिश लावणें म्हणजे पागेंतला तो पावसाळा बाटलींत भरून घरांत आणणें होय. पुंगळी उजळेल खरी; परंतु तिच्या अंगांत काय शिजत आहे, हें बार उडेपर्यंत कळणार नाहीं.

आतां चिंच आणि लिंबू. ह्यांतील आम्लें पितळेवरील काळा थर विरघळवितात. आपल्या घरचा हा उपाय शास्त्राला धरूनच आहे. पण आम्ल थर खाऊन थांबत नाहीं. वेळ मिळाला तर तें धातूलाहि लागतें. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हा अनुभव कोणत्या घरीं नाहीं? तेथें ताकांतलें आम्ल तांबें-जस्त विरघळवीत असतें. चिंचेच्या कोळांत भांडें फार वेळ बुडवून ठेवलें तर पिंवळ्या रंगावर गुलाबी-तांबूस छटा उमटते, तीहि ह्याच जातीची. पृष्ठभागावरील जस्त निघून जाऊन मागें नुसतें तांबें राहिल्याची ती खूण होय. घागरीला ह्यानें बाध येत नाहीं. पण तीन हजार पटींचा दाब सोसणाऱ्या पातळ भिंतीचें जस्त असें खरवडून काढणें परवडत नाहीं. म्हणून आम्ल सौम्य असावें आणि वेळ थोडा असावा. लिटरभर पाण्यांत लहान चमचाभर लिंबाचें सत्त्व, आणि घड्याळाचीं दहा मिनिटें, एवढें पुरे. भांडीं घांसतांना आपण चिंचेबरोबर मीठ घेतों, तें येथें वर्ज्य. मिठाचा अंश मागें राहिला तर तो पुढें पितळेला खात बसतो. कारखान्यांत पुंगळ्या तापविल्यावर त्यांच्यावरील थर सौम्य गंधकाम्लानें काढतात हें खरें, पण तेथें प्रमाण मोजणारा माणूस, धुण्याचे हौद आणि सांडपाण्याची व्यवस्था असते. घरांत त्याचें अनुकरण करूं नये.

उष्णतेविषयींहि एक इशारा. धुतलेल्या पुंगळ्या लवकर वाळाव्या म्हणून कोणी त्या तव्यावर किंवा शेगडीवर ठेवील, तर कठीण ठेवलेलें बूड मऊ पडण्याचा धोका आहे, आणि मऊ बुडाची पुंगळी दाबाखालीं दगा देते. म्हणून त्यांना उकळत्या पाण्याहून अधिक ऊब कधींहि देऊं नये.

तिसरा प्रश्न, मळ जाणार कोठें? कोरड्या रीतीनें घांसलें तर तो धुळींत मिसळून हवेंत जातो. ओल्या रीतीनें धुतलें तर पाण्यांत उतरतो. नाहींसा तो कोणत्याच रीतीनें होत नाहीं. हा प्रश्न मनांत ठेवून प्रचलित रीतींची पारख करूं.

पहिली रीत हातानें धुण्याची. गरम पाणी, साबणाचे चार थेंब आणि कुंचला. सराफ लोक दागिन्यांना रिठ्याचें पाणी वापरतात, तेंहि येथें चालेल. ही रीत स्वस्त, ओली आणि म्हणून धूळविरहित. शिवाय प्रत्येक पुंगळी हातांतून जात असल्यामुळें तपासणी आपोआप होते. दोष एकच: पन्नास पुंगळ्यांना ती ठीक, पांचशेंना कंटाळवाणी.

दुसरी रीत कोरड्या टंबलरची. थरथरणाऱ्या भांड्यांत अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा घालून त्यांत पुंगळ्या दोन-चार तास घोळवितात. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतून यंत्राचे सुटे भाग घोळवून त्यांच्या कडा मोडतात, त्याच तत्त्वाचें हें धाकटें भावंड. पुंगळ्या सुरेख चमकतात, वाळविण्याची दगदग नसते आणि धातु झिजत नाहीं म्हटलें तरी चालेल. पण शिशाची सारी पूड त्या भरड्यांत उतरते. झांकण उघडून भरडा चाळला कीं जो धुरळा उडतो, तो नुसता अक्रोडाचा नसतो. बंद खोलींत, बैठकीच्या घरांत किंवा मुलें खेळतात त्या गच्चींत ही रीत सर्वस्वी त्याज्य समजावी.

तिसरी रीत ओल्या टंबलरची. फिरत्या पिंपांत पाणी, साबण, चिमूटभर लिंबाचें सत्त्व आणि स्टेनलेस पोलादाच्या बारीक सळ्या घालून पुंगळ्या फिरवितात. सळ्या आंतल्या कानाकोपऱ्यांत शिरतात, टोपीचें घरहि स्वच्छ करतात, आणि पुंगळी नव्यासारखी दिसते. धूळ मुळींच उडत नाहीं. मात्र तासन्‌तास फिरविल्यास पुंगळ्यांचीं तोंडें एकमेकींवर आपटून ठोकल्यासारखीं होतात. एखादी सळई आंत अडकून राहिली आणि लक्षांत आली नाहीं, तर पुढचा अनर्थ सांगावयास नको. म्हणून तासाभरांत थांबावें आणि प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून पाहावी.

चौथी रीत अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींची. चष्म्याच्या किंवा सराफाच्या दुकानांत हें यंत्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. सेकंदास सुमारें चाळीस हजार कंपनांनीं पाण्यांत अगणित सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात, व त्यांच्या धक्क्यानें मळ सुटतो. आंतला भाग थोड्याच मिनिटांत स्वच्छ होतो आणि घर्षण अजिबात नसल्यामुळें धातु झिजत नाहीं. पण हें यंत्र मळ काढतें, झिलई देत नाहीं. पुंगळी निर्मळ होते आणि तरीहि फिकी दिसते. पुष्कळजण ती फिकी पाहून निराश होतात आणि द्रावण अधिक जहाल करतात. तो मोह टाळावा.

ह्या चौघींतून निवड कशी करावी? मी आपला कौल सांगतों. थोड्या पुंगळ्या असतील तर हातानें धुणें सर्वोत्तम. पुष्कळ असतील तर ओला टंबलर किंवा अल्ट्रासॉनिक, आणि तोहि घरीं न ठेवतां नेमबाजांच्या मंडळानें आपल्या मैदानावर सामायिक ठेवावा; एक यंत्र, एक जागा आणि एक जबाबदार माणूस. कोणास चकाकीची हौसच असेल तर धुऊन, शिसें उतरवून, मगच कोरड्या भरड्यांत थोडा वेळ घोळवावें; म्हणजे भरड्यांत विष फारसें उतरत नाहीं. अमोनियाचें पॉलिश मात्र कोणत्याहि सबबीवर नको. कोणत्याहि रीतीआधीं त्यांत चुकून एखादें जिवंत काडतूस मिसळलेलें नाहीं ना, हें एकेक करून पाहावें; जिवंत काडतूस धुवावयाचें नसतें, घोळवावयाचें तर मुळींच नसतें.

धुतल्यावर तीन पाण्यांनीं खळबळावें आणि शेवटचें पाणी शुद्ध असावें. मग कापडावर पसरून वाळवावें. वैशाखांत पिंपरीच्या उन्हांत एक दिवस पुरतो. आषाढांत दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवूनहि बुडाच्या बारीक छिद्रांत ओल राहून जाते, आणि ओल राहिलेली पुंगळी भरली कीं दारू बिघडते. घाई नसेल तर हें काम पावसाळ्यांत काढूंच नये. पागेंतली ती गोष्ट आपल्याला हेंहि शिकविते.

हातमोजे वापरावे, काम झाल्यावर थंड पाण्यानें साबण लावून हात धुवावे, जमीन झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. वापरलेली बादली, चाळणी आणि चमचा ह्यांना स्वयंपाकघराची वाट कायमची बंद करावी. चमचा घांसून शुद्ध होतो ही समजूत येथें उपयोगाची नाहीं. चमचा स्वस्त आहे, मूल स्वस्त नाहीं.

आतां उरलें तें बादलींतलें पाणी. त्यांत शिसें आहे, तांबें आहे. तांब्यानें तें कधीं निळसर-हिरवें दिसतें. तें मोरींत ओतलें तर जाणार कोठें? पिंपरींतून पवना वाहते. ती दापोडीशीं मुळेला मिळते, मुळा पुण्यांत मुठेला, आणि मुळा-मुठेचें पाणी भीमेंत जातें. तीच भीमा उजनीच्या धरणांत सांचते, आणि पुढें पंढरपुरास चंद्रभागा होते. शहरांतला एक नेमबाज आपली बादली मोरींत उपडी करतो तेव्हां त्याला त्या वाळवंटावर ओंजळ भरणारा वारकरी दिसत नाहीं, इतकेंच. एका बादलीनें काय होतें, असें म्हणणारे पुष्कळ असतात; कारखान्यांच्या पट्ट्यांतील प्रत्येक मोरीशीं कोणी ना कोणी हेंच म्हणत असतो. म्हणून तें पाणी मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर, उघड्या पिंपांत आटूं द्यावें. तळाशीं उरलेला गाळ डब्यांत बंद करावा, आणि कारखान्यांचा घातक कचरा ज्या वाटेनें जातो, त्याच वाटेनें मंडळामार्फत पाठवावा. मंडळाची सामायिक व्यवस्था असावी असें मीं म्हटलें, त्याचें मोठें कारण हेंच.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं बंदूक नाहीं आणि ती नसण्यांतच सुख आहे. तरीहि हे तीन प्रश्न बंदुकीपुरते नाहींत. दिवाळीच्या आधीं माळ्यावरचीं पितळी भांडीं खालीं येतील, तेव्हां तेच विचारून पाहावे. मळ चिकट तेलाचा असेल तर चिंच काय करणार? तेथें आधीं गरम पाणी आणि साबण. काळा थर असेल तर चिंच, पण लावून लगेच धुण्यापुरती. ठोकून घडविलेला पातळ तांब्या असेल, तर झोंबऱ्या वासाचें पॉलिश त्याच्या वाट्याला न गेलेलें बरें. त्याच्याहि अंगीं घडविणाऱ्याच्या हातोडीचा ताण असतो. आणि लष्करांतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या दिवाणखान्यांत तोफेच्या मोठ्या पुंगळीची फुलदाणी असेल, तर ती पुसण्याआधीं त्यांना एवढें सांगावें, कीं तिच्या गळ्याशीं निळसर पट्टा असल्यास तो घांसून काढूं नका. तो डाग नसून घडविणाऱ्याची खूण आहे.

वस्तु चकचकीत करण्याचा उत्साह आपल्याला उपजतच असतो. तिच्या अंगीं काय आहे आणि तिला काय सोसेल, हें पाहण्याची संवय मात्र लावून घ्यावी लागते. ती लागली, तर भांड्यांचें आयुष्य वाढेल. आणि नेमबाजाच्या बाबतींत त्याचे डोळे आणि बोटें सुरक्षित राहतील.